काळ्या मातीवरील मोटार-लिफ्ट : बुलढाणा जिल्ह्यातील घरगुती गॅरेजच्या पायाचा विचार

मोटारगाडी दुरुस्तीसाठी वर उचलून धरणारे यंत्र, ज्याला कारागिरांच्या बोलीत नुसते 'लिफ्ट' म्हणतात, ते एके काळी मोठ्या शहरांतील कारखान्यांपुरते मर्यादित होते. आता ते घराच्या आवारातील गॅरेजमध्येही बसविता येण्याजोगे झाले आहे. असा विचार ज्याच्या मनात येतो त्याच्यापुढे किंमत, छताची उंची आणि विजेची जोडणी हे प्रश्न प्रथम उभे राहतात. फरशीखालच्या जमिनीचा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी येतो. पुष्कळदा तो येतच नाही. वस्तुतः बुलढाणा जिल्ह्यासारख्या प्रदेशात तोच पहिला प्रश्न ठरावयास हवा, आणि तसे का, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विवेचनाला केवळ शास्त्रीय कुतूहलाचे कारण नाही. लिफ्टखाली माणूस उभा राहून काम करतो. दीड टन वजनाची वस्तू त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असते, आणि ती तेथे स्थिर राहील ह्या विश्वासावरच त्याचे सर्व काम चाललेले असते. हा विश्वास यंत्रावर जितका अवलंबून आहे तितकाच फरशीवर, आणि फरशी ज्या मातीवर आहे त्या मातीवर अवलंबून आहे.

१. यंत्राची रचना

द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे पास्कालचे तत्त्व होय. त्याचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या तत्त्वावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा ह्या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये घेतले. कापसाच्या गाठी बांधण्याच्या कामी हेच तत्त्व वापरले जात असल्यामुळे खामगावसारख्या कापसाच्या जुन्या बाजारपेठेत ते अपरिचित म्हणता येणार नाही. मोटारगाडी उचलण्यासाठी त्याचा उपयोग अमेरिकेतील मेंफिस येथील पीटर लुनाटी ह्याने १९२५ च्या सुमारास केला. न्हाव्याच्या वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच्या यंत्राचा दट्ट्या जमिनीत पुरलेला असे. आज घरगुती गॅरेजसाठी ज्या लिफ्ट विचारात घेतल्या जातात त्या बहुधा जमिनीवर उभ्या असतात. त्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत : दोन खांबांची, चार खांबांची आणि कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या पायांची.

चार टन क्षमतेच्या दोन खांबी लिफ्टचे उदाहरण घेऊ. प्रत्येक खांबाकडे दोन टन भार येतो. दट्ट्याचा व्यास ४० मिमी असेल व तो भार सरळ उचलीत असेल, तर तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६० किलोग्रॅम होतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हा सुमारे सत्तर पट होय. चार टन भार १.८ मीटर उंचीवर पाऊण मिनिटात न्यावयाचा तर सुमारे १.६ किलोवॉट उपयुक्त शक्ती लागते; गळती व घर्षण धरून अशा यंत्रांना साधारणतः २.२ किलोवॉटची मोटर का जोडतात, हे यावरून ध्यानात येईल. एका वेळच्या उचलीस विजेचा खर्च एका युनिटच्या तिसाव्या भागाहूनही कमी येतो. तेव्हा विजेचा प्रश्न खर्चाचा नसून जोडणीचा आहे. पुष्कळशी यंत्रे तीन फेजच्या पुरवठ्यासाठी बनविलेली असतात व घरगुती जोडणी बहुधा एका फेजची असते. म्हणून खरेदीपूर्वीच मोटरचा प्रकार पाहून घेणे अवश्य आहे.

गाडी तेलाच्या दाबावर तोलून धरावयाची नसते, हा ह्या यंत्राचा पहिला नियम आहे. गाडी हव्या त्या उंचीवर गेली की ती किंचित खाली आणून खांबातील दात्यांवर, म्हणजे लॉकवर, टेकवितात. त्यानंतर नळी फुटली किंवा वीज गेली तरी गाडी जागची हलत नाही. परंतु लॉक खांबात आहे, खांब फरशीवर आहे, आणि फरशीला मात्र लॉक नाही.

२. भाराचा मार्ग

दोन खांबी लिफ्टमध्ये भार खांबाच्या मध्यातून सरळ खाली जात नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गाडी दोन खांबांच्या मध्ये, खांबांतून पुढे आलेल्या हातांवर टेकलेली असते. खांबाच्या मध्यापासून हाताच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर ७५ सेंमी धरू. खांबाखालची लोखंडी पाटी ४० सेंमी रुंद असेल, तर तिची आतली कड मध्यापासून २० सेंमीवर येते, आणि भार त्या कडेच्याही पलीकडे ५५ सेंमीवर पडतो. अर्थात खांब आतल्या बाजूस कलंडू पाहतो. त्याला जमिनीशी धरून ठेवण्याचे काम पाटीच्या बाहेरच्या बाजूचे बोल्ट करतात. हे बोल्ट आतल्या कडेपासून ३५ सेंमीवर असतील, तर दोन टनांच्या भारामुळे त्यांच्यावर येणारा ओढ

२ × ५५ ÷ ३५ = सुमारे ३.१ टन

इतका असतो. बाहेरच्या बाजूस दोन बोल्ट असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास दीड टनाहून थोडा अधिक ओढ येतो. त्याच वेळी आतल्या कडेखाली भार व ओढ मिळून सुमारे पाच टन दाब पडतो. (येथे खांबाचे स्वतःचे वजन सोडून दिले आहे, ते धरल्याने निष्कर्षात विशेष फरक पडत नाही.)

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, फरशीचे काम केवळ भार पेलण्याचे नसून बोल्टला धरून ठेवण्याचेही आहे. दुसरी ही की, बोल्टची पकड काँक्रीटच्या मजबुतीवर व जाडीवर अवलंबून असल्यामुळे वरच्या थराला येथे काहीच मोल नाही. आपल्याकडील अनेक गॅरेजांत मुरुमाच्या भरावावर पातळ कोबा किंवा चुना-सिमेंटच्या थरावर बसविलेली शहाबादी फरशी असते. ती चालण्यास व गाडी उभी करण्यास पुरेशी असली, तरी तिच्यात ठोकलेला बोल्ट फरशीच्या एका तुकड्याला धरतो, काँक्रीटला नव्हे. तेव्हा जुन्या जमिनीवर लिफ्ट बसविण्यापूर्वी एका कोपऱ्यात आरपार भोक पाडून थरांची जाडी मोजावी. अनुमानावर अवलंबून राहू नये.

चार खांबी लिफ्टची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात गाडीची चाके दोन पट्ट्यांवर उभी राहतात व भार चारी खांबांतून जवळजवळ सरळ खाली उतरतो. कलंडण्याचा जोर तीत फार थोडा असतो. ह्या भेदाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३. घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या प्रदेशाचे दोन भाग सहजपणे करतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने केलेली ही विभागणी भूशास्त्राच्या दृष्टीनेही खरी आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हा मुलूख बेसॉल्टच्या पठाराचा आहे. तेथे पुष्कळ ठिकाणी मातीचा थर उथळ असतो, व त्याखाली मुरूम आणि मग कठीण दगड लागतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर ह्या बाजूस पूर्णेचे खोरे पसरले आहे. येथे गाळाचे जाड थर असून वर खोल काळी माती आहे.

ही विभागणी ढोबळ आहे, हे विसरता कामा नये. घाटावरही पैनगंगा व खडकपूर्णा ह्या नद्यांच्या काठी, आणि जेथे सखल भागात पाणी साचते तेथे, काळ्या मातीची खोली पुष्कळ असू शकते. एकाच आवारात एका टोकास मुरूम व दुसऱ्या टोकास बुजविलेली जुनी विहीर, असेही आढळते. म्हणून तालुक्याच्या नावावरून निर्णय करू नये. ज्या जागी खांब उभा राहावयाचा, त्याच जागी खड्डा घेऊन पाहावे.

काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून उत्पन्न झाली आहे. उन्हाळा व पावसाळा यांचा तीव्र पालट आणि पाण्याचा मंद निचरा अशा परिस्थितीत ह्या दगडातील खनिजांपासून माँटमोरिलोनाइट गटाची चिकणखनिजे बनतात. त्यांची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची असते व पापुद्र्यांच्या मधोमध पाणी शिरू शकते. पाणी शिरले की माती फुगते, निघून गेले की आकसते. वैशाखात शेतात पडणाऱ्या ज्या भेगांत हात सहज जातो, त्या ह्याच आकुंचनाच्या खुणा होत. जिल्ह्यात वर्षाकाठी पडणारा सुमारे ७०० ते ८०० मिमी पाऊस बव्हंशी जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे कोरडेपणाचे टोक आणि ओलाव्याचे टोक ही दोन्ही मातीला दरवर्षी गाठावी लागतात. ह्या ऋतुपालटाचा परिणाम सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचतो, असे काळ्या मातीवरील पायांची रचना करताना सामान्यतः धरले जाते.

४. फरशीखालचे चलन

आता फरशीच्या वजनाचा आणि मातीच्या जोराचा हिशेब मांडू. १५० मिमी जाडीच्या काँक्रीटचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३.६ किलोन्यूटन असतो. चार मीटर रुंद व सहा मीटर लांब गॅरेजमध्ये दीड टनाची गाडी उभी केली, तर तिच्यामुळे सरासरीने ०.६ किलोन्यूटनची भर पडते. उलटपक्षी, काळ्या मातीचा फुगवटा-दाब अनेकदा दर चौरस मीटरला शंभर किलोन्यूटनच्या घरात जातो. फरशी जाड करून मातीला दाबून टाकू, ही कल्पना ह्या आकड्यांपुढे टिकत नाही. माती फुगली म्हणजे फरशी उचलली जाणारच.

सर्व फरशी सारखीच उचलली गेली असती तर फारसे बिघडले नसते. परंतु तसे घडत नाही. फरशीने झाकलेल्या मध्यभागी बाष्पीभवन थांबते व ओलावा हळूहळू वाढून स्थिर होतो. कडांखालची माती मात्र दरवर्षी ओली व कोरडी होत राहते. छपरावरून पडणारे पन्हाळीचे पाणी, गाडी धुण्याचे पाणी आणि भिंतीलगतचे कडुनिंबाचे झाड ही सर्व ह्या फरकात भर घालतात. झाड तर उन्हाळ्यात एका बाजूचा ओलावा शोषून घेते. परिणामी फरशीचा मध्य आणि कड यांच्या पातळीत फरक पडतो व तो ऋतूगणिक बदलतो.

दोन खांबी लिफ्टचे खांब कोठे येतात, हे येथे आठवावे. ते दोन्ही बाजूंच्या भिंतींजवळ, म्हणजे नेमके कडेला येतात. गाडीचा सर्व भार आणि बोल्टचा सर्व ओढ, जेथे मातीची हालचाल सर्वांत अधिक तेथेच एकवटतो. मध्यापासून दोन मीटर अंतरावरील कड केवळ १० मिमीने खचली, तर फरशीला दोनशेस एक असा उतार येतो, आणि २.८ मीटर उंचीच्या खांबाचा माथा ओळंब्यातून १४ मिमी सरकतो. समोरचा खांब उलट दिशेस कलत असल्यामुळे दोन माथ्यांमधील अंतर २८ मिमीने बदलते. जोडतुळई असलेल्या लिफ्टमध्ये हा फरक तुळईवर ताण आणतो. ती नसलेल्या लिफ्टमध्ये खांब मोकळेपणी कलतात. ह्याहूनही गंभीर गोष्ट भेगेची आहे. फरशीची भेग बोल्टच्या जवळून गेली, तर बोल्टभोवतीच्या काँक्रीटची पकड कमी होते, आणि हे वरून पाहणाऱ्यास दिसत नाही.

उत्पादकाच्या माहितीपत्रकात काँक्रीटची जाडी, त्याची मजबुती, बोल्टची खोली व कडेपासूनचे अंतर हे सर्व दिलेले असते. तेथे दिलेले आकडे चुकीचे नसतात. पण फरशीखालची जमीन हलत नाही, हे त्यांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतक घाटावरील मुरुमाच्या जागी बहुतांशी लागू पडते. घाटाखाली ते तपासल्याशिवाय मानता येत नाही.

५. मातीची परीक्षा

ही तपासणी अवघड नाही. भारतीय मानक २७२० च्या चाळिसाव्या भागात मुक्त फुगवटा-निर्देशांकाची जी रीत दिली आहे, ती कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते. भट्टीत वाळविलेली व ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजनळ्यांत घ्यावी. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरावे, ढवळून हवा काढावी आणि २४ तासांनी मातीचे आकारमान वाचावे. रॉकेलचे रेणू ध्रुवीय नसल्यामुळे त्यात माती फुगत नाही; म्हणून रॉकेलातील आकारमान हे तुलनेचे माप होते. दोन आकारमानांतील फरक रॉकेलातील आकारमानाच्या शेकडा किती, हा निर्देशांक होय. तो ५० च्या खाली असल्यास फुगण्याची प्रवृत्ती अल्प, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० अधिक व २०० च्या वर अत्यधिक समजतात. नमुना केवळ वरच्या थरातून न घेता अर्धा, एक व दोन मीटर खोलीवरून घ्यावा.

६. उपाययोजना

निर्देशांक अल्प असून एक मीटरच्या आत मुरूम लागत असेल, तर वरची माती काढून टाकून, मुरूम थराथराने पाणी मारून व धुम्मस करून त्यावर सळईयुक्त काँक्रीट घालणे पुरेसे आहे. काँक्रीट एम-२५ प्रतीचे, खांबांच्या जागी निदान २०० मिमी जाड, आणि पत्रकातील अटींहून उणे नसलेले असावे. २८ दिवसांपूर्वी बोल्टसाठी भोके पाडू नयेत. सात दिवसांच्या काँक्रीटची मजबुती त्याच्या अपेक्षित मजबुतीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते.

माती खोल व फुगणारी असल्यास दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये रा. के. कट्टी यांनी केलेल्या संशोधनातून पुढे आला. फुगणाऱ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून बसविला, तर खालच्या मातीची हालचाल पुष्कळ प्रमाणात रोखली जाते. योग्य प्रतीचा मुरूम ह्या कामी उपयोगी पडतो. येथे वाळू वापरण्याची चूक हटकून होते. वाळूत पाणी साठते व ती खालच्या काळ्या मातीला ओलाव्याचा सतत पुरवठा करते. म्हणजे उपायच अपायाचे कारण होतो.

दुसरा मार्ग खालून रुंद केलेल्या खुंटांचा, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल्सचा आहे. काळ्या मातीसाठी ही पद्धत आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय रूरकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेस आहे. खुंट साडेतीन मीटरच्या खाली, जेथे ओलावा वर्षभर स्थिर असतो तेथे, बुंध्याच्या सुमारे अडीच पट व्यासाच्या फुगीर टोकाने रोवला जातो. लिफ्टचे दोन्ही खांब अशा खुंटांवर टेकलेल्या एका सलग तुळईवर उभे करावेत आणि तुळईखाली सुमारे ८० मिमी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे फुगणारी माती तुळईस स्पर्श करणार नाही. गॅरेजची उरलेली फरशी तुळईपासून सांध्याने वेगळी ठेवावी. ती ऋतूप्रमाणे थोडी वर-खाली झाली तरी लिफ्टला त्याची बाधा होत नाही. कलंडण्याच्या जोरामुळे येणारा ओढ पेलण्यासही हे फुगीर टोक उपयोगी पडते. अशा पायाची मापे मात्र स्थापत्य अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावीत.

इतका खर्च शक्य नसल्यास यंत्राचा प्रकार बदलणे शहाणपणाचे होईल. चार खांबी लिफ्ट बोल्टच्या ओढावर जगत नाही, आणि तिचे खांब पाचरी घालून पुन्हा समपातळीत आणता येतात. जमिनीत खड्डा करून त्यात उतरण्याची जुनी पद्धत घाटाखाली वरवर स्वस्त वाटते. पण खड्ड्याच्या भिंतींवर फुगणाऱ्या मातीचा आडवा दाब येतो, पावसाळ्यात पाणी झिरपते, आणि पेट्रोलची वाफ व स्वयंपाकाच्या जातीचा गॅस हे दोन्ही हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचून राहतात.

७. खाऱ्या पाण्याचा प्रश्न

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण येते. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी काँक्रीट कालविण्यास योग्य असेलच असे नाही. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सळईयुक्त काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम व सल्फेटची ४०० मिलिग्रॅम सांगितली आहे. क्लोराइडमुळे सळई व बोल्ट आतून गंजतात, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून मोठे असल्यामुळे काँक्रीट फुटते. म्हणून ह्या भागात कालविण्यास व पाणी मारण्यास तपासलेले गोडे पाणीच वापरावे. घराच्या मालकास हा खर्च अनाठायी वाटण्याचा संभव आहे; पण दहा वर्षांनी बोल्ट कशाला धरून उभा आहे, हे ह्याच पाण्यावर ठरते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा : मोटार-लिफ्टची सुरक्षितता यंत्र, काँक्रीट व जमीन ह्या तिहींच्या साखळीवर अवलंबून आहे. पहिल्या दोन दुव्यांची हमी उत्पादक व बांधणारा देऊ शकतात. तिसऱ्याची हमी स्थानिक अभ्यासाशिवाय कोणीही देऊ शकत नाही. लिफ्ट बसविल्यानंतरही मे, ऑगस्ट व नोव्हेंबर ह्या तीन महिन्यांत दोन्ही खांबांचा ओळंबा पाहावा, बोल्टचे आवळण पत्रकाप्रमाणे तपासावे आणि फरशीवरील भेगांची नोंद ठेवावी. ओळंब्यात फरक दिसू लागल्यास, कारण सापडेपर्यंत गाडीखाली कोणीही जाऊ नये.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे एक सोपे व उपयुक्त कार्य करण्यासारखे आहे. घाटावरील एक व घाटाखालील एक अशा दोन गॅरेजांच्या फरशीवर मध्यभागी व कडांना खिळे बसवून दोन वर्षे दरमहा त्यांची पातळी मोजावी, आणि त्याच वेळी खालच्या मातीतील ओलावाही नोंदवावा. त्यास खर्च अल्प आहे. लागेल ती चिकाटी. अशा नोंदी हाती आल्या म्हणजे गावातील कारागिरास, 'येथे खांब उभा कर, येथे करू नकोस', असे नेमकेपणाने सांगता येईल. त्या कारागिराला गाडीखाली उभे राहावयाचे आहे. एवढे सांगणे त्याचे आपल्याकडून देणे लागते.